जवळचं माहेर आणि थोरलीची शाळा

माझं माहेर जवळ आहे, याचं माझ्या लग्नात सगळ्यांना कोण कौतुक. मी मारुंजीत दिलेली, माहेर कासारसाईच्या धरणाकडं. गाडीवर बसलं की अर्ध्या तासाच्या आत दारात. मांडवात बायका आईला म्हणत होत्या, पोरगी डोळ्यांसमोर राहिली गं बाई तुझी. जवळच्या माहेराची खोड मात्र मला कुणी सांगितली नाही. ती अशी, की तिथं तुम्हाला कुणी राहू देत नाही. आमच्या खोल्यांमध्ये भाड्यानं राहणारी परभणीची वहिनी मे लागला की बॅगा भरते आणि पोरांना घेऊन महिनाभर माहेरी लोळून येते. मी गेले तर संध्याकाळच्या भाकरीला परत. "ऱ्हायचं कशाला? जवळच तर हाय," असं सासूबाई म्हणतात, नवराही म्हणतो. त्यात वाईट असं काहीच बोललेलं नसतं, त्यामुळं भांडताही येत नाही.

आई होती तोवर काही ना काही निमित्त निघायचं. कुरडया घालायच्यात, गोधडी भरायचीय, तिचे गुडघे धरलेत. ती गेली आणि निमित्तंही तिच्याबरोबर गेली. आबा, म्हणजे माझे वडील, तिथं माझ्या थोरल्या भावाच्या संसारात आहेत. वहिनी चांगली आहे, वेळेवर ताट मिळतं, त्यांना काही कमी नाही. मलाच ते कमी पडतात.

अशात माझ्या थोरलीचं पहिलीचं वर्ष आलं. धाकटा अजून अंगणवाडीत लोळत होता, त्याची घाई नव्हती. इंग्रजी शाळेचा विषय नवऱ्यानं आधीच निकालात काढला होता. त्या शाळांच्या पिवळ्या बस आमच्या दारातून वळताना कुंपणाचा कोपरा घेऊन जातात, आणि त्यानं तो कोपरा इतक्यांदा बांधलाय की त्याचा राग सगळ्या इंग्रजीवरच निघतो. पोरगी जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणार, हे ठरलेलं होतं. सासूबाईंना वाटलं, आता ठरवायचं काय राहिलं? शाळा तर चालत जाण्यासारखी. तेव्हा मी म्हणाले, "मी तिला माज्या शाळंत घालू का? धरनाकडच्या?"

मी पुष्कळ कारणं दिली. तिथं पोरं थोडी, बाईंचं एकेकाकडं लक्ष असतं. पटांगण मोकळं आहे. जाण्यायेण्याचीही सोय तयार होती. दादा रोज सकाळी इकडच्या सोसायट्यांना दूध घालतो आणि शाळा भरायच्या वेळेला रिकामे कॅन घेऊन परत फिरतो. त्याच्या गाडीवर ती जाईल, आणि संध्याकाळी मी स्कूटीवर जाऊन घेऊन येईन. सगळं खरंच होतं. पण या सगळ्याच्या तळाशी जे होतं ते मी कुणाला सांगितलं नाही. पोरीला आणायला मला रोज जावं लागलं असतं. रविवार सोडून रोज माहेर, आणि कुणाला विचारायचीही गरज नाही. आबांच्या हातचा चहा घेतला असता, ओट्यावर दहा मिनिटं टेकले असते. मला त्या दहा मिनिटांची इतकी ओढ लागली होती, की भाकरी थापताना मी मनातल्या मनात तिथं जाऊन बसत होते.

"दारातली शाळा सोडून पोरगी डंपरच्या रस्त्यानं धाडायची?" सासूबाई म्हणाल्या. "काय खूळ भरलंय डोक्यात?"

"हितं एकेका वर्गात किती पोरं हायेत, बघितलंय का? निम्मी तर हिंदीतच बोलत्यात."

"बोलू दी की. भाड्यानं ऱ्हायलेत म्हनून मुक्यानं ऱ्हायचं का त्यांनी?"

नवरा हसला. "आन दादा तिला नेनार कसा? कॅनमधी घालून?" हे ऐकून थोरली जी खूश झाली, ती दोन दिवस 'मी कॅनमधी बसनार' म्हणत घरभर नाचली. शेवटी नवराच म्हणाला, "दोनी शाळा बघून ये एकदा. मग तुजं तू ठरव."

आधी मी दारातली शाळा बघितली. बघितली कसली, खोट काढायला गेले होते. वर्गात डोकावले, पाण्याच्या टाकीत डोकावले, मुलींचं स्वच्छतागृहसुद्धा उघडून बघितलं. सगळं धुतलेलं. बाई गडबडीत होत्या, तरी थोरलीजवळ वाकून बोलल्या. तेवढ्यात वर्गातून परभणीच्या वहिनीच्या पोरीनं हाक मारली, आणि माझं बोट सोडून ही तिच्या बाकावर जाऊन बसलीसुद्धा. मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र तिला उठवून घरी आणलं आणि सासूबाईंना सांगितलं, बरी आहे, गर्दी फार आहे.

दुसऱ्या दिवशी धाकट्याला घरी ठेवून मी थोरलीला माझ्या शाळेत नेलं. दोन खोल्या, पुढं व्हरांडा, आणि मागच्या खिडकीतून धरणाचं पाणी. तिथल्या बाईंना कोण आनंद झाला. पट घसरला की एक शिक्षक कमी होतो, त्यामुळं पहिलीला आलेलं एकेक पोर त्यांना मोलाचं. त्यांनी थोरलीला रंगीत खडू दिले. मी त्या खिडकीपाशी गेले. मी दुसरीत असताना आमच्या म्हशी दुपारी पाण्यावर यायच्या. त्यांना पाण्यात घालून आबा बांधावर बसायचे आणि शाळेच्या खिडकीकडं बघून टोपी काढायचे, पुन्हा घालायचे. बाकी कुणाला कळायचं नाही. आपल्याकडं बघणारं कुणीतरी बाहेर बसलंय, एवढ्यावर मी पाढे म्हणायचे. आता म्हशी गोठ्यातच पाणी पितात आणि बांध पाण्याखाली आहे की गवताखाली, ते खिडकीतून दिसलं नाही. तिथं उभं राहून मला इतकं भरून आलं, की बाई काय सांगत होत्या त्यातलं निम्मं माझ्या कानावरून गेलं.

आबांना दादानं सांगितलं असावं. आम्ही बाहेर आलो तर ते पटांगणाच्या कडेला लिंबाखाली बसले होते. थोरली खडूनं व्हरांड्याच्या फरशीवर काहीतरी काढत बसली. मी त्यांच्याजवळ टेकले आणि सगळा बेत एका दमात सांगून टाकला. दादाची गाडी, माझी स्कूटी, रोजचा चहा. नवऱ्याला न सांगितलेलं त्यांना सांगितलं. म्हणाले, "शाळंचं निमित्त हाय आबा. मला रोज यायला मिळंल."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, हो म्हणतायत.

"न्हाई," ते म्हणाले. "हितं नको घालूस तिला."

"का?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तू सनावाराला येतीस, जेवतीस, जातीस. तू गेलीस की मला दोन-चार दिस जेवान ग्वाड लागत न्हाई. मंग बसतंय हळूहळू. पर रोजच्या रोज तुला जाताना बघायचं, हे माज्यानं न्हाई व्हायचं, बाय."

मला रागच आला. इतकी वर्षं मी तिकडं झुरतेय आणि इकडं यांनी माझं येणं मोजूनमापून सोसण्यापुरतं ठेवलंय, असं वाटलं. "मंग येऊच नको का मी?" मी म्हणाले.

"आसं म्हनलो का मी?" ते म्हणाले, आणि पाण्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पोरीला तिच्या दारातली शाळा असू दी. तुजी तुला हुती की."

परत येताना मी रडले. स्कूटीवर रडलं तर धूळ गेली म्हणता येतं, आणि आमच्या रस्त्याला धुळीची काही कमी नाही. पुढं उभी असलेली थोरली खडूचे हात माझ्या हातांना पुसत होती. घरी येऊन मी सांगितलं, "हितलीच शाळा बरी हाय." सासूबाईंना वाटलं, डंपरचं पटलं. त्यांनी खुशीत चहा टाकला आणि मी तो प्याले.

शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकाला फुगे बांधले होते. नव्या पोरांना बाई गुलाबाचं फूल देत होत्या. थोरलीची रिबीन मी नीट करत होते, तर मागं ओळखीचा खडखडाट झाला. दादाची गाडी, दोन्ही बाजूंना रिकामे कॅन, आणि त्यांच्या मधे अवघडून बसलेले आबा. धुतलेली टोपी, हातात स्टीलचा डबा. "गाय व्याली," ते म्हणाले. "खरवस हाय." आबा आमच्याकडं शेवटचे कधी आले होते ते मला आठवेना. लेकीच्या घरी असं उठून यायला त्यांनाही निमित्त लागतं, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

थोरलीनं त्यांना टाटा केलं, फूल घेतलं आणि मैत्रिणीचा हात धरून आत गेली. एकदाही वळून बघितलं नाही. आम्हीच दोघं फाटकाशी उभे राहिलो.

"घरी चला," मी म्हणाले. "जेवा. आजच्या दिस ऱ्हावा."

"आता कुटं? दादा खोळंबलाय. गाईपाशी कुनी न्हाई."

ते बसले. एक हात दादाच्या खांद्यावर, दुसऱ्यानं कॅनचं कडं धरलेलं. टोपीला हात मोकळा नव्हता. वळणावर त्यांनी नुसती मान वळवली, आणि मधे एक टेम्पो आला. टेम्पो गेल्यावर रस्त्यावर काही नव्हतं. त्या दिवशी मी दुपारी जेवले नाही. भूकच लागली नाही.

संध्याकाळी थोरली दप्तर टाकून आधी खोल्यांतून फिरून आली. मी खरवसाच्या वड्या पाडत होते, सासूबाई समोर मेथी निवडत होत्या.

"मम्मी, आबा कुटं हायेत?"

"गेले."

"ऱ्हायले का न्हाईत?"

सासूबाईंनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी तिच्या हातावर वडी ठेवली.

"ऱ्हायचं कशाला?" मी म्हणाले. "जवळच तर हाय."