समोरचीचं गाणं

माझ्या मावशीला ऐकू येत नाही, पण तिच्यापासून काही लपवायचं असेल तर नुसतं हळू बोलून भागत नाही. तोंड फिरवून बोलावं लागतं. पलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर नवराबायकोचं वाजलं की ती चष्मा पुसते, खुर्ची खिडकीशी ओढते आणि आम्हाला सगळं बसल्या जागी सांगते. "ती म्हणतेय, तुमच्या बहिणीने केलं की चालतं. आता हा गप्प बसला. म्हणजे चूक ह्याचीच." मी तिला म्हणते, मावशी, लोकांचं बोलणं असं चोरू नये. तेव्हा मात्र माझं बोलणं तिला अजिबात कळत नाही.

ही विद्या तिने कापडाच्या गिरणीत मिळवली, आणि कानही तिथेच घालवले. मागांच्या खात्यात सगळे माग एकदम चालायचे, आडवं सूत नेणारे धोटे इकडून तिकडे आपटत राहायचे, आणि त्या दणदणाटात शेजारणीच्या कानात ओरडलं तरी फुकट जायचं. म्हणून तिथल्या बायका आवाज काढतच नसत. नुसते ओठ हलवायच्या, पण त्यासोबत गाल, दात, भुवया सगळ्यांना कामाला लावायच्या. मागांच्या दोन रांगांमध्ये एक अरुंद गल्ली होती. गल्लीच्या ह्या बाजूला मावशी आणि त्या बाजूला, बरोबर तोंडासमोर, दुसरी एक. तिला मावशी कायम 'समोरची' म्हणत आली. तिचं लक्ष नसलं तर हाक मारून उपयोग नव्हता. मग तुटक्या सुताचा गोळा करायचा आणि नेम धरून तिच्या पाठीत मारायचा. मावशीचा नेम चांगला होता, असं तीच सांगते.

ही सवय इतकी अंगात मुरली होती की घरी आल्यावरही ती आवाज चालू करायला विसरायची. जेवताना मीठ मागायची आणि त्याच वेळी माझी आई खाली ताटात बघत असली, तर मीठ काही मिळायचं नाही. मग "ह्या घरात माझ्याकडे कुणाचं लक्षच नाही" म्हणून रुसून बसायची. आई म्हणायची, "अगं बाई, आधी बटण तरी दाब."

आणि ह्या बायका दिवसभर गायच्या. सूत तुटलं, गाठ मारली, माग चालू केला, पुन्हा सूत तुटलं. गाण्याशिवाय असा दिवस ढकलणार कसा? रेडिओचा तिथे काही उपयोग नव्हता आणि तो घरीही फारच थोड्यांच्या होता. खात्यात एकजण मात्र सिनेमाची नादी होती. पोटाला चिमटा काढून ती सिनेमे बघायची, गाणी पाठ करून यायची आणि आपल्या समोरच्या मागावरच्या बाईला ओठांवर द्यायची. तिच्याकडून ते पुढे जायचं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत गाणं शेवटच्या मागाला पोचलेलं असायचं, एकही शब्द इकडचा तिकडे न होता.

गाण्यांना कामंही वाटून दिली होती. एक विरहाचं गाणं होतं. ते वरच्या टोकाला कुणी सुरू केलं की मुकादम येतोय असं समजायचं. मी ते एकदा मावशीला मोबाईलवर दाखवलं. नायिका उशीत तोंड खुपसून रडत होती आणि मावशी खुर्चीत ताठ बसून हात कामाला कुठे लावावेत ते बघत होती. दुसरं एक उडत्या चालीचं होतं, ते कुणाचं लग्न ठरलं की गायचं. रांगेच्या टोकाच्या पोरीचं ठरलं तेव्हा ते सगळ्यांनी मिळून गाऊन गाऊन तिचा जीव नकोसा केला. तिने लाजून गाठी मारायच्या त्या भलत्याच सुताला मारल्या.

पण सगळ्यात लाडकं होतं ते होडीचं गाणं. नदीकाठी उभी राहून एक बाई होडीवाल्याला म्हणते, इतक्यात सोडू नकोस, माझं माणूस अजून यायचंय. एवढंच.

पुढे मुकादम निवृत्त झाला. त्या दिवशी साहेबांनी पाळी संपायच्या जरा आधी माग बंद करायला लावले. साहेब म्हणाले, "तुम्ही रोज गाता ते मी काचेतून बघत असतो. आज एकदा ऐकवा." बायकांनी अर्थातच होडीचं गाणं घेतलं. सगळ्या नीट उभ्या राहिल्या, घसे खाकरले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एकत्र आवाज लावला.

जेवढ्या बायका तेवढ्या चाली निघाल्या.

होणार दुसरं काय? शब्द ओठांवरून गेले होते, चाल जाणार कशी? प्रत्येकीने आपापल्या मागाच्या ठेक्यावर आपली चाल बसवून घेतली होती. एकजण ते अंगाईसारखं गात होती, एकजण कवायतीसारखं, आणि सिनेमाची नादी खरी चाल गात होती तर तिच्याकडेच सगळ्या संशयाने बघत होत्या. मुकादमाने रुमाल डोळ्यांना लावला तो रडू आलं म्हणून की हसू दाबायला, ते कळलं नाही. मावशीचं आणि समोरचीचं मात्र जुंपलं. तू आजवर हे असं गात होतीस, असं दोघींनी एकमेकींना विचारलं आणि त्यानंतर दोन दिवस अबोला धरला. म्हणजे गल्लीपलीकडे बघायचं नाही. तिथे तोच अबोला.

हे सगळं ती हसत सांगते. आता मी सांगते ती गोष्ट मात्र ती क्वचितच काढते, आणि काढलं की हसत नाही. मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, गेले, त्यानंतर ती थोड्याच दिवसांत कामावर गेली. घरी सगळे तिच्याशी इतके जपून बोलत होते की तिला गुदमरायला व्हायचं. पहिल्या दिवशी माग सुरू केला आणि तिने वर पाहिलं. समोरची होडीचं गाणं म्हणत होती. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत म्हटलं, संपलं, पुन्हा पहिल्यापासून घेतलं. पूर्ण पाळीभर तिने मावशीवरची नजर काढली नाही. तिच्या मागावर सूत तुटून कापडात लांबच लांब चीर गेली. नवा मुकादम येऊन तिच्या अंगावर हात नाचवून गेला, तरी ती त्याच्या खांद्यावरून गातच राहिली. "मला डोळ्यांतल्या पाण्याने धड दिसतसुद्धा नव्हतं," मावशी म्हणते, "पण गाणं कुठे आलंय ते मला ठाऊक असायचं."

त्या गाण्याचा एक सूरही तिने त्या दिवशी ऐकला नाही. तरी आयुष्यात ऐकलेलं सगळ्यात चांगलं गाणं कुठलं असं विचारलं तर ती तेच सांगते.

मग गिरणी बंद पडली. समोरचीच्या मुलाला दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि तो आईला घेऊन गेला. दोघींचेही कान गेलेले, फोन करून करणार काय. भेटणं कुणाच्या तरी लग्नापुरतं उरलं आणि पुढे तेही थांबलं.

मागच्या वर्षी मी मोठ्या हौसेने मावशीला कानाचं मशीन आणलं. तिच्या कानात बसवलं आणि समोर होडीचं गाणं लावलं, मूळ, सिनेमातलं. मला वाटलं आता ती माझ्या गळ्यात पडेल. ती डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"आवाज गोड आहे गं," ती म्हणाली, "पण चाल बिघडवली बाईने."

माझी थोडी चिडचिड झाली. मी म्हटलं, "हीच खरी चाल आहे मावशी. तुमची चुकीची."

"असेल." ती बराच वेळ मशीनशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मला एकदा समोरचीच्या तोंडावर ते गाणं बघायचंय. आता किती दिवस राहिले आमचे?" मावशी कधी कुणाकडे काही मागत नाही. तिने मागितलेलं हे एवढंच.

मी नंबर शोधून फोन लावला. फोन सुनेने घेतला. तिने सगळं सांगितलं. समोरचीच्या घशात गाठ निघाली होती. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, आवाज गेला तो कायमचा. "सुरुवातीला ओठ हलवून काहीतरी सांगायच्या," सून म्हणाली. "आम्हाला काही कळायचं नाही. आम्ही आपलं अंदाजाने पाणी दे, पंखा लाव, असं करायचो. मग चिडायला लागल्या. पाटी दिली तर ती पलंगाखाली ढकलली. आता तर तोंड हलवायचंच बंद केलंय, भिंतीकडे तोंड करून बसतात. माणूस आलं की आणखी त्रास करून घेतात. तुम्ही न आलेलंच बरं."

हे मी मावशीला जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, खचेल. ती उठून प्रवासाची पिशवी भरायला लागली.

"अगं, त्या भेटायच्या नाहीत," मी म्हटलं.

"तुला काय माहीत? तू चल फक्त."

मी गाडी काढली. वाटभर मला एकच धास्ती होती. तिने पाठ फिरवली तर हिला परत कशी आणायची?

आणि तसंच झालं. मागच्या खोलीत समोरची खुर्चीवर बसली होती, गळ्याभोवती रुमाल, पाठ आमच्याकडे. सून पुढे झाली, तिच्या खांद्याला हात लावून "बघा कोण आलंय" म्हणाली. तिने खांदा झटकला. सून माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "सांगितलं होतं ना." मावशीला मात्र जवळ जायची घाईच दिसेना. तिने कानातलं मशीन काढून माझ्या हातात दिलं. एक खुर्ची उचलून अगदी दाराशी, खोलीच्या ह्या टोकाला नेऊन ठेवली. मला वाटलं, रागावली. ती गल्लीचं अंतर धरत होती. मग बसली, पिशवीतून हातरुमाल काढला, त्याचा घट्ट गोळा केला आणि नेम धरून समोरचीच्या पाठीत मारला.

समोरची गर्रकन वळली. चेहऱ्यावर संताप होता. तो तिथेच थांबला.

मावशीने गायला सुरुवात केली. आवाज नाही, नुसते ओठ, गाल, भुवया. समोरची बघत राहिली, पण तिचे ओठ घट्ट मिटलेले. मुखडा संपला, पहिलं कडवं संपलं. मावशीची हनुवटी थरथरायला लागली होती. दुसऱ्या कडव्यात मावशी मध्येच कुठेतरी अडखळली, पुन्हा मागे गेली. तेव्हा समोरचीने कपाळाला हात लावला आणि तोंड उघडून, चांगले दात दाखवून, तिला ती ओळ म्हणून दाखवली.

पुढचं त्यांनी दोघींनी म्हटलं. खोलीत पंख्याची घरघर तेवढी होती. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून घेतलं आणि त्यानंतर ज्या बोलत सुटल्या त्या थांबेनातच. मला एक अक्षर कळत नव्हतं. मध्येच समोरची पोट धरून हसली, बिनआवाजाची, खांदे गदगदा हलवत. सून चहाचा ट्रे हातात घेऊन दारात उभी राहिली होती. चहा निवून गेला तरी तिला भान नव्हतं.

"काय म्हणतायत हो त्या?" तिने मावशीला विचारलं.

मावशीने तिच्या ओठांकडे पाहून घेतलं. "म्हणतेय, पोरगी फार करते माझं. पण चहात साखर कमी घालते. केव्हापासून सांगतेय."

सून हसली आणि त्याच हसण्यात रडायला लागली. तिने ट्रे खाली ठेवला, मावशीला उठवून तिच्या खुर्चीत स्वतः बसली, आणि सासूला म्हणाली, "परत सांगा. सावकाश सांगा, मी बघते."

परत निघालो तेव्हा समोरची खिडकीत उभी होती आणि गाडी वळेपर्यंत दोघींचे ओठ चालू होते. मी मावशीला विचारलं, "दुसऱ्या कडव्यात मुद्दाम चुकलीस ना?" तिला माझं बोलणं अजिबात कळलं नाही. मी मशीन तिच्या हातात दिलं, तिने ते कानात घातलं. तिला बरं वाटावं म्हणून मी गाडीत होडीचं गाणं लावलं.

पहिली ओळ संपायच्या आत तिने हात पुढे करून ते बंद केलं.

"राहू दे गं," ती म्हणाली. "आत्ताच ऐकलं."