राखण हा शब्द मी निवडला

माझे काका मानस सांभाळायचे. नदीच्या बांधात पाणी आतबाहेर करायला लाकडी फळ्यांचं दार असतं, त्याला आमच्याकडे मानस म्हणतात. भरती चढू लागली की खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून फळ्या खाली टाकायच्या, सुकती म्हणजे ओहोटी लागली की वर ओढायच्या. भरतीची वेळ रोज सरकते, त्यामुळे काकांचं जेवण, झोप, पाहुण्यांकडे जाणं, सगळंच रोज सरकायचं. त्यांनी लग्न केलं नाही. मानशीमुळेच, असं आई म्हणायची. उरलेल्या वेळात बांधावरून चालत कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, पाडलेली बिळं शोधायची आणि चिखल-पेंढ्याने बुजवायची. बाल्दी कायम हातात.

मी डिचोलीच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. नार्व्याच्या पुढे नदीकाठाला आमचं गाव, रोज बसने येऊन-जाऊन करायची. खनिज भरलेल्या बार्जी मुरगावकडे जाताना त्यांच्या लाटा आमच्या बांधावर आपटायच्या आणि बांध खचायचा. गावाने बरीच वर्षं ओरड केली. शेवटी खाण कंपनीने कळवलं की बांध आणि मानस आम्ही आमच्याकडे घेतो, लाकडाच्या जागी लोखंडी दार बसवतो. कराराचा इंग्रजी मसुदा घेऊन त्यांचा एक अधिकारी माझ्या घरी आला. तरुण होता, फार अदबीने बोलायचा.

"मॅडम, गावाला समजेल अशा मराठीत करून द्या. सरकारी मराठी नको."

मसुद्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता. स्टुअर्डशिप. शब्दकोशात 'कारभारीपणा' सापडलं, पण कारभारी म्हटलं की लोकांना हुकूम सोडणारा आठवतो. 'विश्वस्त' म्हटलं तर देवस्थानाची भांडणं. 'जबाबदार व्यवस्थापन' बरोबर होतं, पण माझ्या गावात हे दोन शब्द मी कुणाच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. दोन दिवस मी त्यावर अडले होते.

काका जेवायला आले तेव्हा त्यांनाच विचारलं, "तुम्ही मानशीचं करता, त्याला काय म्हणता?"

"काम म्हणतां. आनी किदें?"

"तसं नव्हे. काय करता तुम्ही तिचं?"

त्यांनी भात कालवता कालवता विचार केला. "राखण," ते म्हणाले. "राखतां तिका."

हा शब्द मला इतका आवडला की मी उठूनच गेले आणि लिहून टाकला. 'कंपनी बांधाची व मानशीची राखण करील.' आमच्याकडे शेताची राखण असते, गुरांची असते, वेशीवर गावाला राखणारा देव असतो. राखणारा तिथे हजर असतो, हे या शब्दात आपोआप येतं. अधिकाऱ्याला वाचून दाखवलं तेव्हा तो खूश झाला.

"हा शब्द लोकांना पटेल," तो म्हणाला. तेव्हा मला त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट अभिमान वाटला.

देवळाच्या मंडपात बैठक झाली आणि करार मीच वाचला. मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्या शेतकरणीने विचारलं, "राखण म्हळ्यार भरतीक कोण येतलो गो बाय?"

"तेच लिहिलंय, काकी. राखण करणार. म्हणजे माणूस असणार."

माणूस असणार, असं त्या कागदात कुठेही नव्हतं. ते माझ्या शब्दात होतं. शेवटची ओळ मात्र होती: मतभेद झाल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल. तीही मीच मराठीत केली होती, आणि लोक उठायला लागले होते म्हणून भरभर वाचली होती. सगळ्यांनी सह्या केल्या. काकांनी अंगठा दिला.

लोखंडी दार बसलं. दोडामार्गकडचा एक माणूस राखणीला ठेवला. चांगला होता, काका त्याला भरतीचं गणित शिकवत बांधावर बसायचे. दीड वर्षाने ठेकेदार बदलला आणि तो माणूस गेला. नवा कुणी आला नाही. महिन्यातून एकदा जीप यायची, दाराचे फोटो काढून जायची. दाराला कुलूप होतं. काकांनी किल्ली मागितली तर जीपवाला म्हणाला, "आजोबा, आता ही तुमची जबाबदारी नाही."

तरीही काका जात राहिले. बाहेरून दिसेल तेवढं बघायचे. एके दिवशी येऊन म्हणाले की दार खाली पुरतं टेकत नाही, गंज धरलाय. मी कंपनीला अर्ज लिहिला, मग दुसरा. दोन्हींची फक्त पोच मिळाली. पावसाळा संपल्यावरच्या अमावस्येला मोठी भरती आली. भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खारं पाणी दाराखालून शेतात शिरलं. काका छातीएवढ्या पाण्यात उतरून दाराखालच्या फटीत जुन्या मानशीची एक फळी सारायला बघत होते. चौघांनी ओढून त्यांना वर काढलं. भात पोटरीला आलेलं होतं. आठवड्यात पिवळं पडलं.

गावाच्या तक्रारीची सुनावणी डिचोलीत झाली. कंपनीतर्फे आलेल्या वकिलाने मूळ शब्दाचा अर्थ सांगितला: ते एक तत्त्व आहे, दैनंदिन कामाची हमी नव्हे. 'राखण' हा भाषांतरकाराने निवडलेला शब्द, आणि मराठी प्रत फक्त माहितीसाठी. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. अदबीने बोलणारा तो अधिकारी केव्हाच दुसऱ्या राज्यात गेला होता.

मिठाने जमीन भाजली. पुढच्या वर्षी कुणी पेरलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आता तिथे तिवरं वाढलीत. त्या शेतकरणीचा मुलगा मयेला तळ्यावर पर्यटकांच्या होड्या चालवतो. ती मला बसस्टॉपवर भेटते. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. ती नेहमीसारखीच बोलते, जेवलीस का विचारते.

काकांना मी गेल्या वर्षी सांगितलं. त्यांना आता नीट ऐकू येत नाही, म्हणून जवळ बसून मोठ्याने सांगावं लागलं. तो शब्द मी तुमच्याकडून घेतला, म्हटलं, आणि त्यांच्या कागदात घातला. लोकांनी त्याच्यावर सह्या केल्या.

ते जनेलातून बाहेर बघत होते. वाटलं, ऐकलंच नाही. पुन्हा सांगायला तोंड उघडलं तेव्हा त्यांनी हाताने थांबवलं.

"आयकलें," ते म्हणाले. आणि चहा मागितला.