पत्र्याचं टॉकीज आणि खाला

बिदरच्या तटाबाहेर, स्टेशनाकडं जाणाऱ्या वाटेवर एक टॉकीज होतं. त्याला मोठं थोरलं उर्दू नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. दगडाच्या भिंती आणि वर पत्रा, म्हणून सगळे 'पत्र्याचं टॉकीज'च म्हणत. उन्हाळ्यात दुपारच्या खेळाला बसलं की अंग तव्यावरच्या भाकरीसारखं भाजून निघायचं. पत्र्याला खिळ्यांची भोकं होती. त्यांतून ऊन आत यायचं आणि नटीच्या गालावर मधूनच एखादा चमकता ठिपका फिरायचा. आम्हा पोरींना तो सिनेमातलाच वाटायचा.

बायकांची बाजू वेगळी होती. खाली तरटं अंथरलेली आणि पुरुषांच्या बाजूला जाड हिरवा पडदा. सिनेमा दाखवायचं मशीन एकच. एक रीळ संपलं की दिवे लागत, आणि दुसरं चढेपर्यंत तो पडदा ओढून घ्यावा लागे. अंधार झाला की पुन्हा सारायचा. हे काम खालाकडं होतं. खाला म्हणजे मावशी, सगळ्याच तिला तशी हाक मारत. खाला उंच, हाडकुळी, तोंडात कायम पान.

तिचं दुसरं काम तिला कुणी नेमून दिलेलं नव्हतं. सिनेमातली भाषा साफ उर्दू, आणि समोर बसलेल्या बायका निम्म्या मराठी, निम्म्या कानडी. मग खाला दोरी हातात धरून उभ्याउभ्या सगळं आमच्या बोलीत सांगायची. "सासू म्हणायलीय, निघ घरातनं. ती म्हणायलीय, कुठं जाऊ?" एखादं वाक्य कानडीत, एखादं मराठीत. भांडणाचा प्रसंग आला की तिचाच आवाज पत्र्याला लागायचा.

निजामाचं राज्य गेलं त्या अठ्ठेचाळीसच्या गडबडीत टॉकीज बरेच महिने बंद राहिलं. पुन्हा उघडलं तेव्हा खाला तिच्या जागेवर होती, पण केस पार पांढरे झालेले. तिच्या घरचं कोण राहिलं, कोण गेलं, हे मोठ्या बायका आपसात कुजबुजत आणि आम्ही जवळ गेलो की गप्प होत.

त्यानंतरच्या एका वर्षी माझी आत्या विधवा होऊन आमच्या घरी परत आली. बावीस-तेवीस वर्षांची असेल. कपाळाला नुसती विभूती, आणि दिवसभर चुलीपुढं. बोलायचं तर माझ्याशी, नाहीतर कुणाशीच नाही. अज्जांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, दरारा असा की तिला दारात उभं राहायचीही चोरी. अव्वाला, माझ्या आईला, ते बघवत नसे. एका सोमवारी ती डोक्यावर पदर घेऊन अज्जांपुढं गेली.

"मामा, पापनाशला महादेवाच्या दर्शनाला जायलाव. वन्सं बी येतील संगट."

देवाचं नाव आल्यावर अज्जा काय बोलणार? आम्ही तिघी पापनाशला गेलो, खरंच दर्शन घेतलं, आणि परतताना अव्वानं वाट बदलली.

आत्या टॉकीजच्या दारात थबकली. "वैनी, कुणी बघितलं तर?"

"आत अंधार आसतोय, वन्सं. चला."

त्या दिवशीच्या सिनेमाचं नाव आता आठवत नाही. गोष्ट मात्र लख्ख आठवते. मोठ्या हवेलीतली एक तरुण विधवा. सासरचे तिला छळतात आणि शेवटी घराबाहेर काढतात. आत्या पदराचं टोक दातांत धरून बघत होती. शेवटच्या रिळात ती बाई नदीकाठी जाते. पुराचं पाणी. मग नुसती नदीच दिसते, आणि काठावर धावत आलेला दीर आकाशाकडं बघून काहीतरी म्हणतो.

आमच्या बाजूला सगळ्याजणी रडायला लागल्या. तेवढ्यात खालाचा आवाज आला, "पलीकडं पोचली! दीर म्हणायलाय, तिकडं तिच्या भनीचं घर हाय. आता ती तिथंच ऱ्हाणार, पोरींला शिकवणार."

बायकांनी डोळे पुसले. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "बरं झालं गं बाई!"

खाला असं का म्हणाली, ते मला मात्र कळेना. आमची शाळा पुढं मराठीत आली खरी, पण चौथीपर्यंत मी उर्दूतच शिकलेली. दीर काय म्हणाला ते मला नीट समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी तूर निवडताना आत्यानं विचारलं, "तुला उर्दू येतंय न्हवं? तो शेवटाला काय म्हणला?"

मला खोटं सुचलं नाही. "म्हणला, तिचं प्रेतबी घावलं न्हाई."

आत्याचा हात सुपात तसाच राहिला. मग ती हसली. ती आमच्याकडं आल्यापासून मी तिला हसताना पहिल्यांदा बघितलं.

"मला ठावं होतं. चप्पल काठावर होती की तिची. पलीकडं जाणारी बाई चप्पल कामून सोडंल?" पुन्हा सुपात बोटं फिरवत म्हणाली, "पर खालानं सांगितलं ते ध्यानातनं जायना झालंय."

त्याच आठवड्यात तिनं माझी पाटी मागून घेतली. दुपारी अज्जा झोपले की आम्ही माडीवर बसायचो. वर्षभरात ती घडाघडा वाचायला लागली.

मधे एकदा खालाला एकटी गाठून मी विचारलं, "तुम्ही खोटं कामून सांगितलंत?"

ती रागावली नाही. पान गालात सरकवून म्हणाली, "अंदर चालीस औरतां बैठे थे, बेटी. उनों कू वापस घरकूच जाना था ना."

आत्याचं पुढं सोपं झालं नाही. तिनं मास्तरीण होण्याच्या ट्रेनिंगचं नाव काढलं तेव्हा अज्जा दोन दिवस जेवले नाहीत. अव्वा दोन्ही वेळा ताट वाढून त्यांच्यापुढं ठेवायची, उचलून न्यायची, पण "वन्सं जातील" हे काही मागं घेईना. तिसऱ्या दिवशी अज्जा जेवले. आत्या ट्रेनिंग करून औरादच्या मुलींच्या शाळेत लागली आणि तिथंच घर करून राहिली.

छप्पन साली हैद्राबाद राज्य वाटलं गेलं आणि आमचं बिदर म्हैसूर राज्यात गेलं, त्याच सुमारास गावात नवं टॉकीज झालं. दोन मशीनचं, बाल्कनीचं. मधे दिवे लागायचं कारण उरलं नाही, हिरव्या पडद्याचंही नाही. पत्र्याचं टॉकीज थोडे दिवस तग धरून बंद पडलं. कुणा आडत्यानं ते घेतलं आणि आत तुरीची पोती लावली. बसायची तरटं त्यानंच पोत्यांखाली अंथरली म्हणे.

खाला त्याच्या आधीच दिसेनाशी झाली होती. कुणी म्हणे हैद्राबादला भाचीकडं गेली, कुणी म्हणे गुलबर्ग्याला दर्ग्याजवळ राहते. अव्वानं दोन-तीन ठिकाणी चौकशी करवली, पण नक्की कुणालाच माहीत नव्हतं. इतकी वर्षं आम्ही तिच्या तोंडून दुसऱ्यांच्या गोष्टी ऐकल्या. तिचं घर कुठल्या गल्लीत होतं, तिला जेवायला कोण वाढायचं, हे मी एकदाही विचारलं नाही.