पाण्याकाठची ओटी

बाळांनो, तुम्ही पाठवलेल्या फोटोतलं तळ्याकाठचं हॉटेल पाहिलं आणि माजलगावच्या धरणाचा ओलसर वास आठवला. तुमच्या आजोबांनी आम्हाला दोन दिवस विश्रांतीला तिथल्या हॉटेलात नेलं होतं. माझ्या सासूबाई गच्चीत पाण्याकडे बघत बसायच्या. त्यांचं माहेर त्याच धरणात बुडालेलं.

निघताना त्या काठावरच थांबल्या. "माहेराहून रिकाम्या ओटीनं जायचं न्हाई गं."

आजोबा गाडीचा हॉर्न वाजवत होते. मी हॉटेलच्या स्वयंपाकघरातून तांदूळ आणि नारळ मागून आणले. त्यांनी पदर पसरला.

"आता मी तुमची कोण?" ओटी भरताना मी विचारलं.

"भावजय. अन् लई उशीर केलास, बाई."

तेव्हा मी हसले होते. आज माझ्याही माहेरी कुणी उरलेलं नाही.