शमीमआपांनी दाखवलेलं प्राग

पोलिसांची गाडी नुसती बाजूने गेली तरी शमीमआपा ओढणी सारखी करायच्या. दुबईच्या अल कुसैस भागात आमची दारं समोरासमोर. सिग्नल हिरवा झाला तरी दुसरं कुणी आधी रस्त्यावर उतरेपर्यंत बाई जागच्या हलायच्या नाहीत. मी चिडवायचे, "आपा, जन्म इथेच काढायचा का?" त्यांचं उत्तर ठरलेलं. "हसून घे, वर्षा. व्हिसा एकदा गेला की खलास!"

भीतीला कारण होतं. त्यांचे यजमान यूसुफभाई डायलिसिसवर होते. दोघांचा व्हिसा मुलाच्या, इम्रानच्या, नोकरीवर आणि उपचारही त्याच्याच विम्यावर. रत्नागिरीला जाणं केव्हाच थांबलं होतं. यूसुफभाई पलंगावर पडून मोबाइलवर प्रागचे व्हिडिओ बघत बसायचे. प्रागच का, देव जाणे! आम्ही ईदच्या सुट्टीत तिकडे निघालोय हे कळताच त्यांनी हट्ट धरला, "शमीमला न्या. तिने बघितलं म्हणजे मी बघितलं." घरात सून होती, म्हणून आपा निघाल्या. तेही डोळे पुसतच.

आपांनी प्राग पाहिलं ते फोनच्या मागून. पुतळ्यांच्या त्या जुन्या पुलावर एका हातात फोन, दुसऱ्या हाताने पर्स छातीशी गच्च धरलेली. "दिसतंय का हो?" पलीकडून यूसुफभाईंची फर्मानं सुटायची, "जरा डावीकडे. किल्ला दाखव. आता चौकात पळा, तास भरत आलाय, घड्याळातून बाहुल्या निघतील!" आपा बिचाऱ्या दगडी रस्त्यावरून धापा टाकत पळायच्या. ट्रॅममध्ये तिकिटावर शिक्का नीट उठलाय ना, हे त्यांनी माझ्याकडून इतक्यांदा बघून घेतलं की मी वैतागले.

चौकाजवळच्या बेकरीत काळ्या सारणाचा केक घेतला. पहिल्याच घासाला आपा ओरडल्या, "अगं, ही तर खसखस!" खसखस म्हणजे अफूचं बी, दुबईत ती बाळगणं गुन्हा. आम्ही दिवाळीत अनारशांना रवा लावून वेळ मारून नेतो. त्यांनी केक फोनसमोर धरला. यूसुफभाई बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "अम्मी खसखशीचा हलवा करायची. किती महिन्यांनी काहीतरी खावंसं वाटलं गं."

"वेडे झालात? तुरुंगात जाईन मी!" म्हणत आपांनी फोन बंद केला.

परतीचं विमान दुबईजवळ येत चाललं तेव्हा आपांनी माझं मनगट धरलं. त्यांनी पर्स उघडून दाखवली. आत कागदी रुमालात केकचा तुकडा. आपांनी! सिग्नलला घाबरणाऱ्या बाईने!

"टाकून द्या आधी," मी कुजबुजले.

"त्यांच्या तोंडचा घास कचऱ्यात टाकू?" मग माझ्या कानाशी लागून, "वास घेणारे कुत्रे असतात ना गं तिथे? इम्रानची नोकरी गेली तर यांना सुई कोण लावणार?"

आणि त्या भराभर खायला लागल्या. रडत होत्या आणि चावत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना. मग आपांनी संडासात जाऊन रुमाल टाकला, पर्सचं अस्तर उलटं करून झटकलं, दातांत दाणा अडकला असेल म्हणून चुळांवर चुळा भरल्या.

विमानतळावर कस्टम्सचा माणूस जांभई देत उभा होता. आमच्याकडे न बघताच "यल्ला, यल्ला," म्हणत त्याने पुढे चला अशी खूण केली. आपा तिथेच थिजल्या. "विचारलंसुद्धा नाही गं," एवढंच म्हणाल्या. मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं.

घरी यूसुफभाई उशीला टेकून वाटच बघत होते. "काय आणलंस?" आपांनी घड्याळाचं चित्र असलेला मग काढला. यूसुफभाईंनी तो फिरवून फिरवून पाहिला, छान आहे म्हणाले. मग त्यांची नजर आपांच्या पर्सवर गेली आणि तिथेच जरा थांबली. आपा पाणी आणायला म्हणून आत गेल्या.

थंडीत यूसुफभाई गेले. दफन उरकून पुरुषमंडळी परतली, तेव्हा मी आपांजवळ बसले होते. म्हटलं, "आपा, तुम्ही त्यांना प्राग तरी दाखवलंत."

"दाखवलं गं," आपा म्हणाल्या. "त्यांच्या वाटणीचं खाल्लं मात्र मी."