मराठी आकडे

भाऊ अकोल्याला मुलीकडे गेले होते. सोमवारी तिचा फोन आला, ते वारले.

राजापेठेतल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासची लॅब ते सांभाळत. मशीन सुरू करताना खांद्यावरच्या दुपट्ट्याने पडदा पुसत आणि विचारत, "उठला काय रे?" कोणतं मशीन उठलं नाही ते एकदम कळावं, म्हणून ते उतारवयात प्रोग्रॅम लिहायला शिकले. फाइलमधून मशीनचे नेटवर्क पत्ते वाचायचे आणि चालू की बंद ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. तो सगळ्यांनाच बंद म्हणायचा.

"मॅडम, मशीन समोर चालू हाये अन् हा बंद म्हनते. काहून खोटं बोलून राहिला?"

फाइल मीही वाचली, मलाही चूक लवकर दिसली नाही. पत्ते बरोबर होते, पण मराठी आकड्यांत टाइप केलेले. आम्हा दोघांना ते सरळ वाचता येत होते. प्रोग्रॅमला येत नव्हते.

"भाऊ, इंग्रजी आकडे टाका, झालं."

"मी जल्मभर हेच लिवले मॅडम. आता त्याले शिकू द्या ना!"

मग रोज एका आकड्यासाठी ते एक ओळ लिहू लागले. हा आकडा दिसला की तो समज, अशी. मी सगळ्या ओळी एकदम सांगितल्या असत्या, पण त्यांना ते नको होतं.

शून्यापासून सातापर्यंतच्या ओळी झाल्या आहेत. ज्यांच्या पत्त्यात आठ किंवा नऊ आहे, ती मशीनं चालू असली तरी प्रोग्रॅम अजून बंद सांगतो.