झेंडा शिवून दे

अमेरिकेत आल्यावर मला शिवता येतं ही गोष्ट मी लपवून ठेवायला हवी होती.

हर्नडनला राहायला आलो त्याच महिन्यात एका गराज सेलमध्ये मला शिलाई मशीन मिळालं. लोखंडी, हिरवट रंगाचं आणि इतकं जड की जिन्यावरून खाली नेताना नवऱ्याची कंबर धरली. ते बेसमेंटच्या छोट्या खिडकीखाली ठेवलं. मी तिथे मनाला येईल ते शिवायचे. मुलीचा फ्रॉक, पडदे, जुन्या साड्यांचे अभ्रे. एखादी झोळी पूर्ण शिवून झाल्यावर वाटायचं, खिसा आतून हवा होता. मग सगळी उसवून पुन्हा शिवायची. दिवसभर लॅबमध्ये बाटल्यांवर लेबलं चिकटवणाऱ्या बाईचा तेवढाच तास स्वतःचा होता.

तो फार दिवस स्वतःचा राहिला नाही. आधी एका काकूंच्या ब्लाउजची बाही आली. मग कुणाची तरी पँट लांब झाली. मग नाटकातल्या मावळ्यांचे अंगरखे. "तू शिवतेसच ना, मग एवढं एक शिवून टाक." माझा नवरा त्याच बेसमेंटच्या दुसऱ्या कोपऱ्यात बाल्सा लाकडाची विमानं करत बसायचा. त्याला मात्र कधी कुणी फोन करून म्हटलं नाही की शनिवारी पाहुणे येताहेत, दोन विमानं करून दे. त्याचा छंद होता. माझं ते काम होतं.

सासरे नागपूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते, त्या वर्षीची ही गोष्ट. विदर्भातून आलेली बौद्ध घरं आमच्या भागात तेव्हा मोजून सहा. मराठी मंडळाच्या गणपतीला आम्ही सगळे जायचो, रांगेत उभं राहून मोदक घ्यायचो, आणि दर वर्षी कोणीतरी नवीन माणूस प्रेमाने विचारायचं, "आडनाव काय म्हणालात? म्हणजे मूळचे कुठले?" उत्तर ऐकून "अच्छा, अच्छा" म्हणत पुढच्या माणसाकडे वळायचं. बुद्धपौर्णिमेला त्यांच्यातलं कोणी आमच्याकडे फिरकायचं नाही. म्हणून पौर्णिमा आम्ही आळीपाळीने एकमेकांच्या दिवाणखान्यात करायचो. त्रिसरण, पंचशील, खीर, गप्पा, आणि मग भांडी.

आमच्यातले ज्येष्ठ एक काका होते, सरकारी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ. त्यांच्या मनात आलं की यंदा दिवाणखाना नको, कम्युनिटी सेंटरचा हॉल घ्यायचा. लायब्ररीत नोटीस लावायची. अमेरिकन लोकांनाही बोलवायचं. आणि हॉल म्हटला की झेंडा हवाच.

फोन अर्थातच मला आला.

"अगं, सहा फुटी पुरेल. पंचशील ध्वज. तुला तर माहीतच आहे."

"काका, पौर्णिमेला तीन आठवडे राहिलेत. माझी नोकरी आहे, मुलीची शाळा आहे, बाबा आलेत."

"हॉबी आहे ना तुझी? एन्जॉय करशील!"

आणि फोन ठेवला. मी रिसीव्हर हातात धरून तशीच उभी राहिले. नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत समोरचा माणूस गेलेला असतो, हे माझं जन्माचं दुखणं.

झेंड्यात निळा, पिवळा, तांबडा, पांढरा आणि नारिंगी अशा पाच उभ्या पट्ट्या असतात, आणि शेवटी सहावी पट्टी, तिच्यात हेच पाच रंग आडवे. चार रंग पहिल्या दुकानात मिळाले. नारिंगी मिळेना. दुकानातल्या बाईने मला भोपळ्यांची चित्रं असलेलं हॅलोवीनचं उरलेलं कापड आणून दाखवलं.

"कशासाठी हवंय?" तिने विचारलं.

"झेंड्यासाठी."

"कोणत्या देशाचा?"

"देशाचा नाही. बुद्धाचा."

"हाऊ नाइस," ती म्हणाली आणि पुन्हा भोपळ्यांकडे बोट केलं.

तिसऱ्या दुकानात साधं नारिंगी मिळालं. घरी येऊन उजेडात उलगडलं तेव्हा कळलं की हे शिकारीला जाणारे लोक गोळी लागू नये म्हणून जे झगझगीत जाकीट घालतात, त्याचं कापड आहे. सासरे सोफ्यावर बसले होते. त्यांनी डोळे बारीक केले.

"हे काय आणलं बाई? हे तं आग लागल्यासारखं दिसते."

"बाबा, दुसरं मिळत नाही इथे."

"एवढा मोठा देश, अन् नारिंगी कपडा नाही?"

ते जणू मीच अमेरिका चालवते अशा नजरेने बघत राहिले.

सासरे गिरणीत विणकर होते. उभं आयुष्य दोन साचे, म्हणजे माग, सांभाळले. तरुणपणी नागपूरच्या त्या मोठ्या सोहळ्यात पांढरे कपडे घालून दीक्षा घेतली होती, आणि ते कपडेही आपल्याच गिरणीच्या कापडाचे होते हे ते आल्यापासून आम्हाला चार वेळा सांगून झालं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते बेसमेंटमध्ये खुर्ची टाकून माझ्या मशीनशेजारी बसू लागले. मी शिवायचे, ते बघायचे. बघायचे आणि घसा साफ करायचे. ते घसा साफ करणं मला मशीनच्या आवाजातूनही ऐकू यायचं.

तीन पट्ट्या जोडून झाल्या त्या संध्याकाळी काकांचा फोन आला. "अगं, हॉल बघून आलो. भिंत फार मोठी आहे. सहा फुटी रुमालासारखा दिसेल. दहाचा कर."

"काका, कापून झालंय."

"मग जोड दे ना. तुला काय, चुटकीसरशी."

मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, आता तुम्हीच सांगा त्यांना." तो विमानाच्या पंखाला गोंद लावत होता. म्हणाला, "मोठे आहेत ते. जाऊ दे, या वेळेस करून टाक." या वेळेस! ही 'या वेळेस' गेली चार वर्षं चालू होती.

मी पुन्हा कापड आणलं, पुन्हा कापलं. नारिंगी पट्टी पांढरीला जोडली, तर सगळी शिवण चुण्या पडून आखडली. मी इस्त्री केली. पुन्हा आखडली. सासऱ्यांनी हात पुढे केला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "उसव."

"बाबा, एवढं कोण बघतंय?"

"मी पाह्यतो ना. हा सुती, हा नायलॉन. दोघायले एकच ताण कसा चालन? वरचा धागा सैल कर. अन् मी कपडा धरतो, तू फक्त चालव."

मला भयंकर राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. मी ब्लेडने ती अख्खी शिवण उसवली. त्यांनी दोन्ही हातांनी कापड मागून-पुढून ताणून धरलं, ना जास्त ना कमी, आणि मी मशीन चालवलं. शिवण पाण्यासारखी सरळ आली. त्यांनी पुन्हा अंगठा फिरवला आणि पुढची पट्टी माझ्या हातात दिली. शाबासकी म्हणून आमच्या घरी एवढंच मिळतं.

पौर्णिमेच्या जवळच्या रविवारी सकाळी आम्ही हॉलवर पोचलो. पातेलंभर खीरही मीच केली होती, कारण काकूंनी आदल्या दिवशी फोन करून "तुझ्या हाताला चव आहे" असं सांगितलं होतं. मी खीर घेऊन आत आले तोवर काका आणि माझा नवरा शिड्यांवर चढून झेंडा लावून मोकळे झाले होते. उलटा. सहावी पट्टी दांडीच्या बाजूला आणि निळी भलत्या टोकाला. दांडीसाठी मी मुद्दाम नेफा शिवला होता, तो मोकळाच लोंबत होता, आणि यांनी दुसरं टोक टाचण्यांनी दांडीला अडकवलं होतं.

"उलटा लागलाय," मी म्हटलं.

काका लांब जाऊन, मान तिरकी करून बघत म्हणाले, "कोणाला कळणार आहे?"

सासऱ्यांनी चप्पल काढली आणि सरळ शिडीकडे निघाले. सत्तरीच्या माणसाला शिडीवर चढताना बघून सगळेच धावले, आणि मग झेंडा सुलटा झाला.

लायब्ररीतली नोटीस वाचून आठ-नऊ अमेरिकन माणसं आली होती. त्यांनी स्वतःच्या बसायच्या गाद्या आणल्या होत्या. ती आली, बूट काढून ओळीत ठेवले, पाठ ताठ करून बसली आणि डोळे मिटून घेतले. आजूबाजूला आमची पोरं पळत होती, काका माइकमध्ये "हॅलो, हॅलो, टेस्टिंग" करत होते, दोन काकूंमध्ये मेणबत्त्या कुणाकडे राहिल्या यावरून जुंपली होती. त्या माणसांपैकी एकाने एक डोळा उघडून पाहिलं आणि पुन्हा मिटला. माझी नऊ वर्षांची मुलगी मला म्हणाली, "मॉम, आर वी डूइंग इट राँग?"

"नाही," मी म्हटलं. "आपण असंच करतो."

"बट दे लुक मोअर बुद्धिस्ट."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

वंदना झाली. आमच्या सगळ्यांच्या तोंडून एका सुरात पाली उमटली तेव्हा मात्र त्या लोकांनी डोळे उघडले आणि ऐकत राहिले. नंतर खिरीच्या वेळी त्यांच्यातली एक उंच, पांढऱ्या केसांची बाई सासऱ्यांपाशी येऊन बसली. "तुम्ही रोज किती वेळ ध्यान करता?" तिने विचारलं. मी भाषांतर केलं.

सासऱ्यांनी खिरीची वाटी खाली ठेवली. "सांग तिले, ध्यान नाही करत."

"बाबा, थोडं तरी..."

"खरं ते सांग. सांग, दोन साचे होते माह्याकडे. सुताचा धोटा इकडून तिकडे पयते. डोये मिटले तं बोट जाते."

मी सांगितलं. ती बाई गोंधळली. "मग ते बौद्ध कसे झाले?"

हा प्रश्न मी कसा पोचवू हेच मला कळेना. पण शब्दशः पोचवला. आता सासरे चिडणार असं मला वाटलं, पण ते शांतपणे म्हणाले, "आमच्या गावात विहिरीवर पाणी नव्हते भरू देत. सांग तिले. ज्या दिवशी दीक्षा घेतली, त्या दिवशी घरी येऊन मी मायच्या हातून पाणी पेलो अन् तिले म्हटलं, आता आपण माणसं आहो."

मी इंग्रजी केलं. मला ते नीट करता आलं नाही. विहीर, माय, माणसं, सगळे शब्द इंग्रजीत गेल्यावर पातळ झाले. त्या बाईने सासऱ्यांची रिकामी वाटी उचलली आणि खीर भरून आणून दिली.

शेवटी काकांनी आभार मानले. हॉलवाल्यांचे, माइकवाल्याचे, मेणबत्त्यांचे, 'अमेरिकन मित्रांचे'. मग झेंड्याकडे हात करून म्हणाले, "आणि एक आनंदाची बातमी! पुढच्या वर्षी प्रत्येक घरावर असा झेंडा लागेल. आपली सूनबाई सहाच्या सहा घरांसाठी शिवून देणार आहे!"

टाळ्या वाजल्या. मी उभी राहिले. कशी राहिले ते मला आजही सांगता येत नाही.

"मी देणार नाही," मी म्हटलं. आवाज मला वाटला त्याहून मोठा आला. "काका, मला विचारलंत का तुम्ही? एकदा तरी? मशीन माझं आहे, वेळ माझा आहे. ज्याला हवा त्याने कापड घेऊन यावं, मी शिकवीन. शिवून देणार नाही."

काकांनी माइक खाली केला. त्या अमेरिकन माणसांना मराठी कळत नव्हतं, त्यामुळे त्यांच्यातल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना नवरा गाडी चालवत होता. सासरे मागून म्हणाले, "बरं केलं बाई. जरा हळू बोलली असती तं अजून बरं झालं असतं." मी काचेतून बाहेर बघत राहिले. पाठिंबा द्यायचा तर पूर्ण द्यावा ना माणसाने!

कापड घेऊन माझ्याकडे कोणीही आलं नाही. काकांनी वर्षभर फोन केला नाही, काकूंनी मात्र केला, सोफ्याच्या कव्हरांसाठी. सासरे ऑक्टोबरात परत गेले. पुढच्या वैशाखात काकांनी मन मोठं करून फोन केला आणि निदान तो जुना झेंडा तरी आण म्हणाले. मी कपाट उघडलं, ट्रंका उपसल्या. झेंडा नव्हता. नवऱ्याला विचारलं, तर तो चाचरत म्हणाला, "बाबांनी बॅगेत घातला होता. मला वाटलं, तुला विचारलं असेल."

काकांना ते खरं वाटलं नाही. मी मुद्दाम देत नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. त्या वर्षी एक छापील, बिनशिवणीचा झेंडा विकत आणून लावला गेला. फोटोत छान येतो, असं सगळ्यांचं मत पडलं.

महिनाभराने सासऱ्यांचं पत्र आलं. निळं, पातळ, चारही कडांना लिहिलेलं. झेंडा वस्तीतल्या विहाराला दिला, लांबून दिसतो, लोक विचारतात कोणी शिवला, मी सांगतो सुनेने शिवला अन् मी धरला. तब्येत बरी आहे. मागच्या बाजूला, तिकिटाशेजारी उरलेल्या जागेत एक ओळ होती: शेजारच्या वस्तीचे लोक मागे लागले आहेत, तरी अजून एक शिवून पाठवावा.

मी पत्र टेबलावर आपटलं. नवऱ्याने वाचलं आणि शहाण्यासारखा आपल्या विमानांकडे वळला.

तो झेंडा मी शिवला. पण चार महिने लावले.